पैसे मागणारी, लावणारी, उकळणारी इंग्रजी क्रियापदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतर करणारे, न्यायालयाच्या बातम्या लिहिणारे, सोसायटीची पत्रे तयार करणारे सचिव आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी यांना एकाच ठिकाणी अडायला होते. पैसे 'मागितले' की 'लावले' की 'उकळले', हे इंग्रजीत कोणत्या क्रियापदाने सांगायचे? तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे उत्तरे एकत्र दिली आहेत.

'लेव्ही', 'एक्झॅक्ट', 'एक्स्टॉर्ट', 'रिकव्हर' या सगळ्यांपुढे शब्दकोशात 'वसूल करणे' असेच दिसते. मग कुठलेही वापरले तर काय बिघडते?

बरेच बिघडते. पैसे घेणाऱ्याला ते घेण्याचा हक्क होता की नव्हता, हे मराठीत बहुतेक वेळा नामावरून कळते. वर्गणी घेतली, पट्टी घेतली, हप्ता घेतला, लाच घेतली, खंडणी घेतली. क्रियापद एकच, 'घेणे'. बरे-वाईट काय ते नामाने सांगून टाकले. 'उकळणे' आणि 'लुबाडणे' अशी झणझणीत क्रियापदे आपल्याकडे आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. इंग्रजीत हे ओझे क्रियापद उचलते. 'मनी' हे नाम तेच ठेवून नुसते क्रियापद बदला: कलेक्टेड मनी, डिमांडेड मनी, एक्झॅक्टेड मनी, एक्स्टॉर्टेड मनी. पहिल्या वाक्यातला माणूस मंडळाचा कार्यकर्ता असू शकतो, शेवटच्या वाक्यातला गुन्हेगारच.

म्हणून शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. घेणाऱ्याला हक्क होता का? आणि देणाऱ्यावर दाब कशाचा होता: कायद्याचा, भीतीचा, लाजेचा की नुसत्या गरजेचा? रक्कम किती होती याने क्रियापद सहसा बदलत नाही. दहा रुपयेही 'एक्स्टॉर्ट' करता येतात.

'लेव्ही' आणि 'कलेक्ट' यांत फरक काय? कर लावला म्हणजे घेतलाच ना?

नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्ये ही दोन क्रियापदे शेजारी-शेजारी आहेत: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर 'लेव्ही' करता येणार नाही आणि 'कलेक्ट'ही करता येणार नाही. लावणे वेगळे आणि गोळा करणे वेगळे, दोन्हींना कायद्याचा आधार हवा. घटना लिहिणाऱ्यांनी शोभेसाठी दोन शब्द वापरलेले नाहीत.

करखात्याच्या भाषेत ही एक साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी वेगळ्या क्रियापदाची आहे. कर लावला तो 'लेव्ही'. तुमच्या वाट्याचा किती हे ठरवले ते 'असेस'. तेवढे भरा म्हणून कळवले ते 'डिमांड'. १९६१च्या आयकर कायद्यातील कलम १५६ची नोटीस म्हणजे 'नोटीस ऑफ डिमांड'. तुम्ही भरलेत आणि त्यांनी घेतले ते 'कलेक्ट'. भरले नाहीत, म्हणून मागे लागून, खाते गोठवून किंवा मालमत्ता विकून घेतले ते 'रिकव्हर'. मराठी बातमीत या पाचही पायऱ्यांना सर्रास 'वसुली' म्हटले जाते. मग इंग्रजी करताना नोटीस आली एवढ्यावरच 'टॅक्स वॉज रिकव्हर्ड' असे छापून येते. प्रत्यक्षात एक रुपयाही हललेला नसतो.

'लेव्ही' हा शब्द आपल्याकडे नाम म्हणून चांगलाच मुरला आहे. टंचाईच्या काळात सरकारने ठरवलेल्या भावाने शेतकऱ्याला घालावे लागणारे धान्य म्हणजे लेव्ही. १९६९च्या माथाडी कायद्याखाली मालक हमालीच्या मजुरीवर टक्केवारीने माथाडी मंडळाकडे जी जादा रक्कम भरतो, तीही लेव्हीच. बाजार समितीत 'लेव्ही भरली का?' असे विचारले, तर कोणी शब्दकोश काढत नाही. इंग्रजीत क्रियापद म्हणून वापरताना मात्र मागे 'ऑन' लागते: कर वस्तूवर किंवा माणसावर, म्हणजे लेव्ही अ टॅक्स ऑन सॉल्ट. 'लेव्ही फ्रॉम' असेही वाचायला मिळते, पण 'ऑन' लिहिले की चुकण्याची भीती नाही.

'इम्पोज' आणि 'लेव्ही' अदलाबदल करता येतात का?

कर, दंड, शुल्क यांच्यासाठी येतात. 'इम्पोज'चा पसारा मोठा आहे, संचारबंदी, अटी, निर्बंध, शिक्षा हे सगळे इम्पोज होते. 'लेव्ही'ने संचारबंदी लागत नाही. सोसायटीने उशिराच्या हप्त्यावर व्याज लावले, तर दोन्ही बरोबर, मात्र 'लेव्ही' अधिक हिशेबी वाटते आणि 'इम्पोज' अधिक दरडावणीचे. सभासदाशी आधीच वाकडे असेल, तर पत्रात 'लेव्ही' लिहावे.

'चार्ज'बद्दल सांगा. 'चार्ज्ड हिम' म्हणजे पैसे घेतले की गुन्हा दाखल केला?

पुढे काय येते त्यावर आहे. रक्कम थेट आली, तर पैसे: दे चार्ज्ड हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज. मध्ये 'विथ' आले, तर आरोप: दे चार्ज्ड हिम विथ थेफ्ट. वस्तूसाठी 'फॉर'. शब्द गाडीवर माल लादण्याच्या लॅटिन क्रियापदातून आला आहे. माल, खर्च आणि आरोप, तिन्ही आपण मराठीतही लादतोच.

पैशाच्या अर्थाने 'चार्ज' अगदी थंड शब्द आहे. दुकानदार, डॉक्टर, वाहनतळ, बँक हे सगळे चार्ज करतात. गुंडाला तो लावला, तर वाक्य उपरोधिक होते. तसे हवे असेल, तर जरूर लावा.

'डिमांड' आणि 'मागणी' एकच ना? मी ईमेलमध्ये 'आय डिमांड अ रिफंड' लिहिले आणि समोरचा चिडला.

मराठीतली 'मागणी' सोज्वळ आहे. मुलीला मागणी घालतात, संघटना मागण्यांचे निवेदन देते, बाजारात हापूसला मागणी असते. इंग्रजी 'डिमांड' क्रियापद झाले की कंबरेवर हात ठेवून उभे राहते. पहिल्याच पत्रात ते नको. 'रिक्वेस्ट' आहे, 'आस्क फॉर' आहे. किंवा माणसाला बाजूला ठेवून 'द अमाउंट इज ड्यू' म्हणता येते. हे सर्वांत परिणामकारक, कारण त्यात भांडायला कोणी सापडत नाही.

आणखी एक खाच. नाम असेल, तर 'अ डिमांड फॉर पेमेंट'. क्रियापद असेल, तर 'फॉर' गळते: डिमांडेड पेमेंट. 'डिमांडेड फॉर मनी' हे आपल्याकडच्या इंग्रजीचे खास देणे आहे आणि इंग्रजी बातम्यांत ते अधूनमधून डोके वर काढते.

कायद्यात 'डिमांड'मध्ये राग नसतो, ती एक पायरी असते. चेक वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस मिळतात. ही मागणीच केली नसेल, तर खटला उभा राहत नाही. थकीत बँककर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्यातही मालमत्तेचा ताबा घेण्याआधी बँकेला ६० दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते. अशा ठिकाणी मृदू शब्द शोधू नयेत. 'डिमांड' हाच शब्द हवा.

साहेबाने लाच मागितली, तर 'एक्स्टॉर्ट' म्हणायचे का?

भारतातल्या बातमीत सहसा नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात 'डिमांडेड अँड ॲक्सेप्टेड' ही जोडीच महत्त्वाची असते. मागितली आणि स्वीकारली, दोन्ही सिद्ध व्हावे लागते. 'एक्स्टॉर्शन' हा वेगळा गुन्हा. भारतीय दंड संहितेत तो कलम ३८३ होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०८ आहे. त्याचा गाभा आहे भीती: इजा होईल अशी भीती घालून अप्रामाणिकपणे माल किंवा पैसे द्यायला लावणे.

अमेरिकी बातमीत मात्र चित्र बदलते. तिथल्या १९४६च्या हॉब्ज ॲक्टमध्ये सरकारी अधिकाराच्या आवरणाखाली पैसे मिळवणे हेही एक्स्टॉर्शनमध्ये धरले आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या नगरसेवकाने 'एक्स्टॉर्ट' केले असे वाचले, तर त्याने सुरा दाखवला असे समजू नका. खुर्ची दाखवली असेल.

मग 'ब्लॅकमेल'? ते तर गुपित फोडायची धमकी देऊन पैसे घेणे ना?

बोलण्यात होय. इंग्लंडच्या कायद्यात नाही. तिथे १९६८च्या थेफ्ट ॲक्टच्या कलम २१ प्रमाणे धमकी देऊन केलेली कोणतीही अनुचित मागणी म्हणजे ब्लॅकमेल. गुपित असायलाच हवे असे नाही. आपण ज्याला खंडणीचा गुन्हा म्हणू, तो लंडनच्या बातमीत 'ब्लॅकमेल' म्हणून येतो. स्कॉटलंडमध्ये त्याच गुन्ह्याचे नाव 'एक्स्टॉर्शन' आहे. एकाच राज्यात दोन नावे!

या शब्दाचा टपालाशी काहीही संबंध नाही. इथले 'मेल' म्हणजे जुन्या स्कॉट भाषेत खंड, भाडेपट्टा. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर सोळाव्या शतकात लुटारू टोळ्यांचा सुळसुळाट होता. 'आमच्या धाडी नकोत, आणि दुसऱ्यांच्याही नकोत, तर आम्हाला ठरावीक द्या' असा व्यवहार चाले. गुरे, धान्य, पैसा, काहीही चाले. १६०१मध्ये इंग्लंडच्या संसदेने उत्तरेकडच्या परगण्यांत हे घेणे-देणे गुन्हा ठरवले. गुपिताचा अर्थ शब्दाला पुष्कळ नंतर चिकटला.

हे ऐकून चौथ आठवते. 'चौथ वसूल केली' याला इंग्रजीत कोणते क्रियापद?

हा खरा अवघड प्रश्न, कारण इथे क्रियापदावरून लिहिणाऱ्याचे राजकारण कळते. चौथ म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा, त्यावर सरदेशमुखीचा दहावा हिस्सा वेगळा. 'एक्स्टॉर्टेड' लिहिले, तर लेखक मराठ्यांना धाडखोर ठरवून मोकळा झाला. 'लेव्हीड' लिहिले, तर त्याने त्यांना राज्यकर्ते मानले. 'एक्झॅक्टेड' मधले आहे. जोर होता, वचक होता, अधिकाराचा दावाही होता. दाव्यावर मत न देता हे सगळे त्यात मावते.

माझे मत विचाराल, तर तारीख पाहावी. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथ-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला. त्यानंतरच्या त्या सहा सुभ्यांतल्या वसुलीला 'लेव्ही' किंवा 'कलेक्ट' म्हणण्यात काहीच अडचण नाही, बादशाही शिक्क्याचा कागद आहे. त्याआधीच्या काळासाठी, आणि सनदेत नसलेल्या मुलखासाठी, 'एक्झॅक्ट' बरे. एकाच पुस्तकात सगळीकडे एकच क्रियापद ठेवणारा अनुवादक आळशी तरी आहे किंवा पक्षपाती तरी.

'खंडणी'चीही गंमत अशीच. मांडलिक राजाने दरसाल भरायची ठरलेली रक्कम ती खंडणी, अपहरण केलेल्या मुलाला सोडण्यासाठी मागितली ती खंडणी, आणि बिल्डरला फोन करून मागितली तीही खंडणी. इंग्रजीत तिन्हींचे वेगळे शब्द: 'ट्रिब्यूट', 'रॅन्सम' आणि 'एक्स्टॉर्शन मनी'. क्रियापदेही तशीच. ट्रिब्यूट एक्झॅक्ट करतात, रॅन्सम डिमांड करतात, तिसरे एक्स्टॉर्ट करतात. पोलिसांच्या प्रेसनोटमधल्या 'खंडणी'ला 'ट्रिब्यूट' लिहिणारे भाषांतर माझ्या वाचनात आले आहे. त्यात आरोपीला गादी मिळाली होती.

'एक्झॅक्ट' तर 'अचूक' ना? ते क्रियापद कसे?

दोन्ही एकाच लॅटिन मुळाचे: 'बाहेर हाकणे', त्यावरून 'मागून काढणे', 'मोजून घेणे'. मोजून घेतले ते अचूक, हा विशेषणाचा अर्थ. 'एक्झॅक्टिंग बॉस' म्हणजे अचूक साहेब नव्हे, काटेकोर आणि काम पिळून घेणारा साहेब. तो क्रियापदाच्या वंशातला.

क्रियापद म्हणून हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही. भाजीवाला एक्झॅक्ट करत नाही. राजे, सैन्ये, सावकार, नशीब, युद्ध हे करतात. कर्म पैसेच असावेत असेही नाही: वचन, माफी, सूड, किंमत, सगळे चालते. 'द ड्रॉट एक्झॅक्टेड अ हेवी टोल' या वाक्यात दुष्काळ जणू नाक्यावर उभा आहे. मागे कायम 'फ्रॉम'.

हक्क असूनही हा शब्द येऊ शकतो. सतराव्या शतकातल्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलमध्ये बाप्तिस्मा देणारा योहान जकातदारांना सांगतो, की नेमून दिले त्याहून जास्त एक्झॅक्ट करू नका. म्हणजे नेमून दिलेले घेणे हेही एक्झॅक्टच होते. आजच्या इंग्रजीत मात्र करखात्याला हे क्रियापद लावले, की वाचकाला टीकेचा वास येतो.

'एक्स्ट्रॅक्ट' चालेल का त्याऐवजी?

चालते, पण ते कष्टाबद्दल बोलते. दात, तेल आणि कबुलीजबाब एक्स्ट्रॅक्ट होतात. थकबाकीदार नाठाळ होता आणि शेवटी पैसे निघाले, हे सांगायचे तर शब्द छान आहे. हक्काबद्दल तो काहीच बोलत नाही. 'रिंग' आणि 'रेस्ट' हे याचे आक्रमक भाऊ. दोन्हींच्या आरंभी 'डब्ल्यू' लिहितात आणि उच्चारत नाहीत. 'रिंग मनी आउट ऑफ समवन' म्हणजे ओले धोतर पिळावे तसे पिळणे.

'तगादा लावणे' याला नेमका शब्द?

'डन'. उच्चार 'झाले' या अर्थाच्या 'डन'सारखाच. कर्म माणूस असतो, पैसे नव्हे: द ग्रोसर डन्ड हिम फॉर द मनी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डनिंग' असा विभाग असतो, तो थकबाकीच्या स्मरणपत्रांचा. बोलताना मात्र लोक 'चेस' म्हणतात. 'आय ॲम स्टिल चेसिंग देम फॉर पेमेंट' हे वाक्य हातावर काम घेणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावे, लागतेच.

तगाद्याने हद्द ओलांडली की 'हॅरॅस'. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. तक्रार लिहिताना रात्री साडेनऊच्या फोनला 'डन' म्हणू नका, 'हॅरॅस' म्हणा. आपल्या 'रिकव्हरी एजंट'ला इंग्लंड-अमेरिकेत 'डेट कलेक्टर' म्हणतात, हेही लक्षात असू द्या.

तगाद्याचा एक देशी प्रकार इंग्रजीला क्रियापदात बसवताच आला नाही: धरणे. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचे, आपल्या जिवाचे काही झाले तर पाप त्याच्या माथी. १८६०च्या दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालण्याच्या कलम ५०८च्या उदाहरणात, 'धरणे' हा शब्दच इंग्रजी लिपीत उतरवला आहे.

'हप्ता' कसा लिहू?

आधी कुठला हप्ता ते पाहा. घरकर्जाचा असेल, तर 'इन्स्टॉलमेंट', आणि तो 'पे' होतो. फेरीवाल्यांकडून घेतलेला असेल, तर 'प्रोटेक्शन मनी', आणि तो 'एक्स्टॉर्ट' होतो. बोलीत 'शेक डाउन' म्हणतात. गणपतीची वर्गणी 'कलेक्ट' होते. दुकानाचे शटर अर्धे ओढून पावती फाडली असेल, तर ती पुन्हा पहिल्या प्रश्नातली तपासणी मागते.

'फ्लीस', 'गाउज', 'मिल्क', 'ब्लीड', 'सोक' हे सगळे?

हे बोलीचे आणि रागाचे. 'फ्लीस' म्हणजे लोकर कातरावी तसे लुबाडणे. त्यात फसवणूक असते, धमकी नसते. 'गाउज' म्हणजे टंचाईचा फायदा घेऊन भाव चढवणे, २०२०मध्ये मास्क आणि सॅनिटायझरच्या बातम्यांत हा शब्द रोज होता. 'मिल्क' आणि 'ब्लीड' थोडे-थोडे आणि दीर्घकाळ. 'सोक' मुख्यतः श्रीमंतांवर कर लादण्याबद्दल. न्यायालयीन कागदात यातले एकही नको.

'मल्क्ट' हा जुना शब्द कधी कोड्यात भेटतो. मूळ अर्थ दंड करणे, पुढे फसवून घेणे. भेटला की ओळखावा, वापरायची गरज पडत नाही.

'मेक हिम पे' की 'मेक हिम टू पे'?

'टू' नको. 'फोर्स' आणि 'कम्पेल' यांना 'टू' लागते, 'कोअर्स'ला 'इनटू पेइंग'.

पगार 'गार्निश' झाला म्हणजे काय? मी तर कोथिंबीर भुरभुरण्यासाठी हा शब्द ऐकला आहे.

तोच शब्द. जुन्या फ्रेंच क्रियापदात सज्ज करणे आणि सावध करणे असे दोन अर्थ होते. सजवणे स्वयंपाकघरात गेले, सावध करणे न्यायालयात. देणेकऱ्याचे पैसे तिसऱ्याच्या हातात असतील, तर त्या तिसऱ्याला 'ते याला देऊ नकोस, इकडे भर' अशी सूचना द्यायची, ते गार्निश करणे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१, नियम ४६-क पासून हीच तरतूद आहे आणि त्या तिसऱ्याला 'गार्निशी' म्हणतात. अमेरिकेत पगाराबाबत हे क्रियापद सर्रास चालते. ब्रिटिश इंग्रजीत त्यासाठी 'अटॅचमेंट ऑफ अर्निंग्ज'. मराठीत पगारावर जप्ती आली म्हणा, कोणालाही कळेल.